ॲल्युमिनियम बोटीच्या बुडाचा जुना रंग काढायचाय, कशाने काढू?

डोलकाठी
नमस्कार मंडळी. एक जुनी ॲल्युमिनियमची बोट हाती आलीये, साडेचार मीटरच्या आसपास, रिवेटवाली. आधीच्या मालकांनी एकावर एक इतके हात मारलेत की कड उचकटून बघितलं तर सगळ्यात वर निळा, मग पांढरा, मग पाणरेषेच्या खाली कसलासा लाल आणि अगदी पत्र्याला लागून हिरवट-पिवळा असा सगळा इतिहास दिसतो. काही ठिकाणी पोपडे आपोआप सुटतायत, काही ठिकाणी इतका घट्ट की स्क्रेपर नुसता घसरतो. बुडाला दोन-चार फोड होते, ते फोडले तर आतून पांढरी भुकटी निघाली. तूनळीवर एकजण कॉस्टिक फासतो, दुसरा ग्राइंडर घेऊन तुटून पडतो, तिसरा हीट गन, आणि तिघंही बाकीच्या दोघांना वेड्यात काढतात. माझा विचार सगळा रंग काढून पत्रा चकचकीत उघडा करायचा आणि पहिल्यापासून नव्याने रंगवायचा असा आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भरती_ओहोटी
बाकी काहीही करा पण कॉस्टिक नको. ॲल्युमिनियम ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही. त्याच्यावर ऑक्साइडचा जो पापुद्रा असतो तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण तोच त्याचं चिलखत, आणि हे चिलखत साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण १३-१४ च्या घरात. रंग सुटतो खरा, पण पापुद्राही जातो आणि खालचा धातू फसफसायला लागतो. तो फेस येतो ना व्हिडिओत, ज्याला खाली लोक वा वा म्हणतायत, तो हायड्रोजन आहे, म्हणजे बोट विरघळतेय आणि वर पेट घेणारा गॅस निघतोय. लाकडावर नाहीतर लोखंडावर कॉस्टिक चालतं म्हणून लोक इथेही वापरतात. स्ट्रिपरच्या (रंग काढायच्या रसायनाच्या) डब्यावर "ॲल्युमिनियमला चालेल" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डबा परत ठेवा.

पत्रेवाला
+१. आणि ग्राइंडरवरही जरा थांबा.

तुमचा तो हिरवट-पिवळा थर बहुतेक झिंक क्रोमेटचा प्रायमर आहे. ॲल्युमिनियमवर पूर्वी सर्रास हेच अस्तर असायचं, विमानांवरसुद्धा. गंज थोपवायला एक नंबर, पण त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं आणि त्याची धूळ छातीत गेली की कॅन्सरचा धोका. वरच्या थरांत शिसं असायची शक्यता धरा. त्यामुळे कोरडं घासणं बंद. ओलं घासा, नाहीतर व्हॅक्यूम जोडलेला सँडर घ्या, तोही हेपा फिल्टरचा, घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत हवेतच सोडतो. तोंडाला पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क. कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान. कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

आता तो लाल. पाणरेषेच्या खालीच आहे म्हणताय म्हणजे अँटिफाउलिंग, बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो विषारी रंग. तो तांब्याचा असेल तर तुमच्या फोडांचं मूळ तिथेच आहे.

डोलकाठी
हो, लाल फक्त खालीच आहे. पण तांब्याने नक्की काय होतं? रंगातलं तांबं म्हणजे भुकटीच ना शेवटी?

भरती_ओहोटी
भुकटी असली तरी तांबं ते तांबंच. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं नेहमी ॲल्युमिनियम. रंग आणि पत्रा यांच्यामध्ये इपॉक्सीचा जाड अखंड थर असेल तोवर निभावतं, पण बूड एकदा दगडावर घासलं, थर फाटला, की तिथून खड्डा सुरू. हा खड्डा पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढा सुरू होतो आणि सरळ आत उतरतो, म्हणून वरून काहीच कळत नाही. बिल्जमध्ये (बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं तिथे) तांब्याच्या वायरचा तुकडा पडून राहिला तरी त्याच्याखाली पत्र्याला भोक पडू शकतं. म्हणूनच क्युप्रस ऑक्साइडवाल्या अँटिफाउलिंगच्या डब्यावर ॲल्युमिनियमला लावू नका असं लिहिलेलं असतं. कॉपर थायोसायनेटवाले काही रंग चालतात, तेही खाली बॅरिअर कोट (तो इपॉक्सीचा अखंड थर) व्यवस्थित असेल तर, आणि पूर्ण तांबेविरहितसुद्धा मिळतात.

अवांतर पण कामाचं: बोट बरीच जुनी असेल तर लाल थर टिनचाही असू शकतो, म्हणजे ट्रायब्युटिल टिन. अमेरिकेने १९८८ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर टिनवाला रंग बंद केला तेव्हा ॲल्युमिनियमच्या बोटींना मुद्दाम वगळलं होतं, कारण त्यांना तांबं चालत नाही. पुढे आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला, तेव्हा तो जगभर बाद झाला. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले होते त्याने, इतका जहाल. म्हणजे तांबं असो की टिन, त्या लालची धूळ ना तुमच्या अंगावर जायला हवी ना पाण्यात.

उगाचच
एवढं सगळं वाचून मला वाटतं बोटीला हातच लावू नये. तशीच विकून टाका 😀

खडूस_रंगारी
उगाचच गमतीत बोलले पण अर्धं बरोबर बोलले. मला कुणी सांगेल का की सगळा रंग काढायचाच कशाला? जो तो "पत्र्यापर्यंत जा" म्हणतो. अहो ॲल्युमिनियमवर रंग धरणं हेच मुळात जिकिरीचं काम, आणि तुमच्याकडे असा थर आहे जो इतकी वर्षं पाणी खाऊनही हलला नाही, त्याच्याएवढं चांगलं अस्तर तुम्हाला विकत मिळणार नाही. आधी चाचणी करा. धारदार कटरने रंगावर पत्र्यापर्यंत उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक जाळी करायची, चांगली चिकट टेप दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. चौकोन टेपला चिकटून आले तर तो रंग काढायचा. जागच्या जागी राहिले तर हात लावायचा नाही, नुसती कड घासून उतरती करायची म्हणजे वर नव्या रंगात पायरी दिसत नाही. बोटीवर आठ-दहा ठिकाणी करून बघा, पाणरेषेच्या वर बहुतेक ठिकाणी घट्टच निघेल.

पाणरेषेच्या खाली मात्र पत्रेवाल्यांशी सहमत. तो लाल सगळा गेलाच पाहिजे, घट्ट असला तरी.

पत्रेवाला
रंगारीबुवा, वरच्या भागाचं मान्य. पण कामाच्या बोटी बघा, कितीतरी ठिकाणी पाणरेषेच्या वर रंगच नसतो, उघडा पत्रा राखाडी पडतो आणि तसाच वर्षानुवर्षं राहतो. ५०८३, ५०८६, ५०५२ या मॅग्नेशियमवाल्या जातींना समुद्राच्या हवेत रंगाची गरज नसते, रंग असतो तो शोभेला. उलट रंगाच्या खाली पाणी अडकून राहिलं की जास्त त्रास, कारण तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि पापुद्रा परत बनत नाही. म्हणून काढायचाच असेल तर वरचा भाग काढून उघडाच ठेवणं हा एक पर्याय आहे एवढंच म्हणणं.

खडूस_रंगारी
उघडा ठेवा की, पण मग जिथे जिथे घासलंय तिथले ओरखडे जन्मभर दिसणार. चकचकीत वगैरे तर विसरा. आणि जुनी रिवेटवाली बोट नक्की कुठल्या जातीच्या पत्र्याची आहे हे कुणाला माहितीये?

डोलकाठी
टेपचा प्रयोग केला. वरचा निळा आणि पांढरा बऱ्याच ठिकाणी टेपबरोबर आला, पण त्याच्या खालचा हिरवा-पिवळा जागचा हलला नाही. बाजूंना तर अजिबातच नाही. बुडाला जिथे फोड होते त्याच्या आसपास मात्र सगळंच आलं, पत्र्यापर्यंत. मग आता वरचे दोन थर आणि लाल एवढंच काढायचं का? आणि कशाने? ग्राइंडर माझ्याकडे आहे म्हणून विचारतोय.

पत्रेवाला
ग्राइंडरवर त्यापूर्वी लोखंड कापलंय का? कापलं असेल तर तो बोटीजवळ आणूच नका. डिस्कवरचे लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, मग पहिल्या पावसात तांबूस ठिपके दिसतात आणि त्या प्रत्येक ठिपक्याभोवती पत्रा खायला सुरुवात. साध्या लोखंडी वायर ब्रशचंही तेच. ब्रश हवाच असेल तर स्टेनलेसचा, नवा, आणि फक्त ॲल्युमिनियमसाठीच वेगळा ठेवलेला. शिवाय गंजाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची धूळ एकत्र आली आणि वर ठिणगी पडली तर ते थर्माइट आहे, रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात तेच. ॲल्युमिनियमची बारीक धूळ नुसती हवेत उडाली तरी पेटू शकते, त्यामुळे व्हॅक्यूमची पिशवी भरू देऊ नका.

आणि फ्लॅप डिस्कने रिवेटची डोकी घासली जातात. डोकं पातळ झालं की रिवेट सैल आणि मग ठिबकायला लागली की कुणाला विचारायचं?

सावकाश
मी स्ट्रिपरवाल्यांच्या बाजूचा, कारण एक तर धूळ नाही आणि दुसरं म्हणजे रिवेट असलेल्या बोटीवर मशीन फिरवायला मन होत नाही. मिथिलीन क्लोराइडवाले जुने स्ट्रिपर पंधरा मिनिटांत रंग उचलायचे पण त्याची वाफ बंद जागेत माणूस मारते, शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, अमेरिकेत २०१९ पासून घरगुती गिऱ्हाइकाला रंग काढायला विकायची बंदीच आहे. तो नको. बेंझिल अल्कोहोलवाला जेल घ्या, विमानं रंगवणारेही आता बरेचसे त्याच घराण्यातले वापरतात.

वापरायची पद्धत मात्र लोक चुकतात. ब्रशने पुढेमागे घोळत बसायचं नाही, एकाच दिशेने जाड थापायचा, दोन-तीन मिलिमीटर, आणि वरून लगेच पातळ प्लास्टिक चिकटवायचं, हवा राहू द्यायची नाही, कारण तो सुकला की संपला. मग विसरून जा, काही तास, थंडी असेल तर रात्रभर. मधेमधे प्लास्टिकच्या खाली बोट फिरवून बघा, आधी काहीच वाटत नाही, मग रंगाला सुरकुत्या पडायला लागतात, मग तो बोटाखाली सरकतो, मऊ लगद्यासारखा, तेव्हा प्लास्टिक उचला. घाई केली तर वरचा एकच थर येतो. लगदा प्लास्टिकच्या नाहीतर लाकडी स्क्रेपरने ओढायचा, खाली जाड ताडपत्री, गोळा केलेला सगळा माल झाकणाच्या डब्यात. शिसं-क्रोमियम असलेला कचरा आहे तो, नेहमीच्या कचऱ्यात नाही टाकायचा, घातक कचरा घेतात तिथेच द्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांधे. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे आणि रिवेटच्या डोक्याभोवती जेल आत शिरतं आणि धुतलं तरी थोडं राहतं, मग नवा रंग लावल्यावर महिन्याभराने त्याच रेषेत फोड उठतात. म्हणून सांध्यांवर आधी टेप मारा आणि ती एवढी पट्टी हाताने काढा.

भरती_ओहोटी
यात भर: आधी चिंधीला थिनर लावून रंगावर मिनिटभर दाबून बघा. रंग चिंधीवर उतरला किंवा मऊ पडला तर तो साधा एक-डब्याचा आहे, स्ट्रिपरने लोण्यासारखा निघेल. काहीच झालं नाही तर दोन-डब्यांचा (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, त्याला वेळ लागेल आणि दोनदा लावायला लागेल.

उगाचच
हीट गनचं कुणी बोललंच नाही. आणि लेझरने काढतात म्हणे हल्ली?

पत्रेवाला
हीट गनच्या तोंडाशी ५००-६०० अंश असतात आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० ला. भोक नाही पडणार, पण थंड लाटून कडक केलेला पत्रा त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता इतकी भराभर पळवतं की रंग तापेपर्यंत सांध्यातलं सीलंट वितळलेलं असतं. बोटीतल्या फळ्यांच्या जमिनीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल तर तो जळून निघणारा धूर फार वाईट. आणि शिशाची वाफ वेगळीच. नको.

लेझर चांगलं आहे, पण मशीन आणि चालवणारा दोन्ही मिळायला हवेत, आणि त्याच्या धुरातही तेच क्रोमियम-शिसं असतं, त्यामुळे धूर ओढून घ्यायची सोय हवी.

ब्लास्टिंगबद्दल (हवेच्या दाबाने कण मारून रंग उडवणं) कुणी विचारायच्या आधीच सांगतो. स्टीलचा छर्रा नाही, कॉपर स्लॅग तर अजिबात नाही, कारण तांब्याचे कण पत्र्यात ठोकून बसवल्यासारखं होईल. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड, प्लास्टिकचे कण चालतात पण कमी प्रेशरवर. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा असेल तर एका जागी नळी धरली की पत्रा फुगतो आणि तो फुगवटा परत बसत नाही. जाड वेल्ड केलेल्या बोटीला ब्लास्टिंगच करा, सगळ्यात नीट काम तेच. तुमच्या बोटीला नको. सोडा ब्लास्टिंग मऊ असतं पण त्याचा थर मागे राहतो, धुवून काढला नाही तर नवा रंग धरत नाही, आणि पत्र्याला खरबरीतपणाही येत नाही.

डोलकाठी
जेल मागवलं, बुडाच्या एका पट्ट्यावर लावून बघितलं. सावकाश म्हणतात तसंच झालं, निळा आणि पांढरा सुरकुतला आणि एकदमच उतरला, लाल जरा कुरकुरला पण दुसऱ्यांदा लावल्यावर तोही गेला. हिरवा-पिवळा बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. तो काढू का ठेवू, यावर आता काय म्हणता? आणि फोडांच्या जागी खड्डे दिसतायत, त्यांचं काय करायचं?

खडूस_रंगारी
स्ट्रिपर लागूनही जो राहिला तो ठेवा. पाण्याने चांगला धुवा, मग १८० नंबरच्या ओल्या सँडपेपरने नुसती चमक घालवा आणि परत एकदा टेप लावून बघा, स्ट्रिपरने आतून मऊ पडला असेल तर आत्ताच कळेल. क्रोमेट घट्ट आहे तोवर कुणाचं काही बिघडवत नाही, बिघडवतो तो तुम्ही त्याची धूळ केलीत तर. पत्रेवाले इथे हरकत घेतील.

पत्रेवाला
नाही घेत. बाजूंना ठेवा. बुडाला जिथे उघडा पत्रा आणि क्रोमेट असे ठिगळ-ठिगळ झालंय तिथे मात्र ओलं घासून सलग करा.

खड्ड्यांचं: पांढरी भुकटी सगळी निघायला हवी, तळापर्यंत. टोकदार लाकडी काडी नाहीतर स्टेनलेसचा बारीक ब्रश, मग पातळ फॉस्फोरिक ॲसिडवाला ॲल्युमिनियम क्लीनर, लिहिलंय तेवढाच वेळ, मग भरपूर पाणी. स्वच्छ झाल्यावर खोली मोजा. पत्र्याच्या जाडीच्या थोड्याच आत असेल तर इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा. अर्ध्याच्या आसपास गेला असेल तर लांबी म्हणजे फसवणूक, तिथे वेल्डरला दाखवा. अल्ट्रासॉनिक जाडीमापक भाड्याने मिळाला तर सगळ्यात बरं, कारण आतल्या बाजूनेही खाल्लेलं असू शकतं.

सावकाश
आणि प्रायमरला उशीर करू नका. घासल्या क्षणापासून ऑक्साइड परत धरायला लागतो आणि काही तासांत तो रंगाला नकोसा होतो. जेवढं त्याच दिवशी प्रायमर मारून होईल तेवढंच घासा. मारायच्या आधी पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता: पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं तर पत्रा तयार, मणी होऊन फाटलं तर कुठेतरी तेल-मेण-स्ट्रिपर शिल्लक आहे, परत थिनरने पुसा. दर पुसण्याला नवी चिंधी, नाहीतर तेलच फिरवत बसाल.

डोलकाठी
एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲसिडने पत्रा किंचित खाऊन धरणारं अस्तर, मारून वर इपॉक्सी, असं एकाने सांगितलंय. बरोबर आहे का?

खडूस_रंगारी
डब्याची डेटाशीट वाचल्याशिवाय नको. काही इपॉक्सी ॲसिडवाल्या एच प्रायमरवर धरतच नाहीत, बनवणाराच तसं लिहितो. दोन्ही एकाच कंपनीचे घ्या आणि तिने सांगितलेल्या क्रमाने जा. अँटिफाउलिंगही त्याच घरातला. आणि ॲनोडवर (पत्र्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून बसवलेला धातूचा तुकडा) रंग मारू नका, मास्किंग करा, लोक सगळं एकसारखं रंगवून टाकतात आणि मग ॲनोड का झिजत नाही म्हणून खूश होतात.

पत्रेवाला
बोट ट्रेलरवर ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्याही बघून घ्या. तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड असेल तर ते ओलं राहून खालून पत्रा खातं. फोड नेमके पट्ट्यांच्या रेषेत असतील तर लालवर सगळा आळ घेऊ नका.

डोलकाठी
अरे देवा. बघून आलो. चारांतले दोन फोड बरोब्बर पट्टीच्या रेषेत आहेत. पट्ट्या बदलतो.

सावकाश
पत्रा उघडा आहे तोवर एक काम उरकून घ्या. ट्रेलरवरच बोटीत पाणी भरा, वीतभरच, जास्त नको, हजार लिटरचं वजन एक टन होतं आणि ट्रेलर तेवढा पेलायला हवा. मग खाली वाकून बघत बसा, ठिबकणारी रिवेट बाहेरून लगेच दिसते, तिला खूण करा. पेन्सिलने नाही, मार्करने. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला तांब्यासारखंच वाईट.